प्रतिनिधी कोणाचा? प्रा. डेरिक बेल यांच्या जीवनाने विचारलेला प्रश्न

कायद्याच्या महाविद्यालयात कोणी शिकवावे, हे बंद दाराआड बसलेली एक छोटी समिती ठरवत असते. अमेरिकेच्या लॉ स्कूलमध्ये प्राध्यापकांचीच अशी निवड समिती असते. आलेल्या अर्जांची ती छाननी करते, मोजक्या उमेदवारांना व्याख्यानासाठी बोलावते आणि आपली शिफारस सर्व प्राध्यापकांच्या बैठकीपुढे ठेवते. मग मतदान होते. काही लॉ स्कूलमध्ये या समितीवर विद्यार्थ्यांचाही प्रतिनिधी घेतला जातो. कुठे त्याला मताचा अधिकार असतो, कुठे फक्त बोलण्याची मुभा असते, तर कुठे उमेदवाराबरोबर जेवण घेऊन आपला अभिप्राय लिहून देणे एवढेच त्याचे काम असते. या जागेसाठी विद्यार्थी निवडणूक लढवतात, प्रचार करतात आणि मते मागतात.

वरवर पाहता ही बाब किरकोळ वाटते. एका विद्यार्थ्याच्या एका खुर्चीने काय होणार, असे कोणीही म्हणेल. परंतु वर्गात कोण उभा राहतो यावर कायद्याचा अर्थ कोण सांगणार हे ठरते. आणि त्या वर्गातून निघालेले विद्यार्थीच उद्या वकील, न्यायाधीश आणि मंत्री होतात. म्हणून ही खुर्ची किरकोळ नाही. मात्र ती मिळाल्यावर तिच्यावर बसणारा कोणाचा राहतो, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर स्वतःला विचारला आणि त्याची किंमत स्वतःच्या नोकरीने मोजली, ते म्हणजे हार्वर्ड लॉ स्कूलचे पहिले कायम कृष्णवर्णीय प्राध्यापक डेरिक बेल. आपल्या चळवळीने १९७२ मध्ये पँथर हे नाव ज्या कृष्णवर्णीय लढ्याकडून घेतले, त्या लढ्याच्या कायद्याच्या आघाडीवरील हा सेनानी आपल्या वाचकांना माहीत असला पाहिजे.

बेल यांचा जन्म ६ नोव्हेंबर १९३० रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग या पोलाद कारखान्यांच्या शहरात झाला. हिल डिस्ट्रिक्ट ही तेथील कष्टकरी कृष्णवर्णीयांची वस्ती. वडिलांनी गिरणीत आणि दुकानात हमालीची कामे केली आणि पुढे कचरा वाहून नेण्याचा स्वतःचा व्यवसाय उभा केला. डेरिक यांनी १९५२ मध्ये ड्युकेन विद्यापीठाची पदवी घेतली. त्यानंतर त्यांनी हवाई दलात अधिकारी म्हणून नोकरी केली आणि कोरियातही काही काळ काढला. परत आल्यावर त्यांनी पिट्सबर्ग विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले. १९५७ मध्ये ते पदवीधर झाले तेव्हा त्यांच्या वर्गात ते एकटेच कृष्णवर्णीय होते.

अमेरिकेच्या न्याय खात्यात त्यांना नोकरी मिळाली. नागरी हक्क विभागात बसून कृष्णवर्णीयांचे हक्क राखण्याची ही नोकरी! पण बेल हे एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघटनेचे सभासद होते. सरकारी वकिलाने अशा संघटनेत राहणे योग्य नाही, त्यामुळे निःपक्षपातीपणा बाधित होतो, असे वरिष्ठांचे म्हणणे पडले आणि १९५९ मध्ये त्यांना सभासदत्व सोडण्यास सांगण्यात आले. सभासदत्वाची वर्गणी अवघी दोन डॉलर होती. बेल यांनी दोन डॉलरचे सभासदत्व ठेवले आणि सरकारी नोकरी सोडली.

सरकारी सेवेत असलेल्या आपल्या अनेक बांधवांना हा प्रसंग परका वाटणार नाही. खुर्ची मिळते ती समाजाच्या नावाने, आणि बसल्यावर पहिली अट घातली जाते ती समाजाशी नाते तोडण्याची. बेल यांना ही अट वयाच्या अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी समजली, आणि नंतरच्या आयुष्यात ती त्यांनी कोणत्याही रूपात मान्य केली नाही.

ते पिट्सबर्गला परतले आणि त्याच संघटनेच्या स्थानिक शाखेचे काम पाहू लागले. तेथे थरगुड मार्शल यांची नजर त्यांच्यावर पडली. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटला जिंकणारे हे ज्येष्ठ वकील पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. मार्शल यांनी १९६० मध्ये बेल यांना आपल्या कायदेविषयक निधी संस्थेत घेतले आणि दक्षिणेत पाठवले. तेथे विशेषतः मिसिसिपी राज्यात वर्णभेदी शाळांविरुद्धच्या तीनशेहून अधिक खटल्यांचे काम बेल यांच्या देखरेखीखाली चालले. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ यांना मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून देणाऱ्या लढ्यातही ते सामील होते. त्या एका विद्यार्थ्याच्या प्रवेशासाठी केंद्र सरकारला सैन्य पाठवावे लागले होते. जॅक्सन शहरात गोऱ्यांसाठी राखलेल्या प्रतीक्षालयात पाऊल ठेवले म्हणून या वकिलालाच तुरुंगाची हवा खावी लागली.

याच काळात मिसिसिपीतील लीक काउंटीत घडलेली एक गोष्ट बेल यांच्या मनात कायमची रुतून बसली. हार्मनी नावाच्या खेड्यात कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या कष्टाने एक शाळा उभी केली होती. प्रशासनाने ती बंद केली. विन्सन हडसन आणि त्यांच्या भगिनी डोव्ही हडसन मदत मागायला आल्या. त्यांना आपली शाळा परत हवी होती. बेल यांनी त्यांना सांगितले की आमची संस्था वेगळ्या शाळेसाठी भांडत नाही, एकत्र शाळेसाठी दावा करायचा असेल तर आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. त्या भगिनींनी ते मान्य केले. दावा दाखल झाला. फिर्यादी झालेल्या कुटुंबांना धमक्या, गोळीबार, कामावरून काढून टाकणे, कर्ज बंद होणे असे सर्व सोसावे लागले, आणि १९६४ मध्ये त्या काउंटीतील गोऱ्यांच्या शाळेत पहिले कृष्णवर्णीय मूल दाखल झाले.

दावा जिंकला. परंतु वर्षे गेल्यावर बेल यांना वाटू लागले की त्या गावाने जे मागितले होते ते आपण ऐकलेच नाही. देशभर निकाल लागले, पण कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या, त्यांचे शिक्षक व मुख्याध्यापक घरी बसले आणि मुले वैरभावाच्या वर्गात एकटी पडली. मग आपण वकीलपत्र नेमके कोणाचे घेतले होते? खेड्यातील आईबापांचे, की निधी देणाऱ्या आणि धोरण ठरवणाऱ्या शहरातील मंडळींचे? १९७६ मध्ये येल लॉ जर्नलमध्ये त्यांनी यावर एक लेख लिहिला. एकाच वेळी दोन धन्यांची चाकरी करणारा वकील, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. स्वतःच्याच चळवळीवर, स्वतःच्याच गुरुजनांवर आणि स्वतःवर केलेली ती टीका होती. त्यांचे अनेक जुने सहकारी दुखावले. पण प्रातिनिधित्वाचा प्रश्न इतक्या स्पष्टपणे कायद्याच्या भाषेत त्यापूर्वी क्वचितच मांडला गेला होता. प्रतिनिधी जेव्हा पाठवणाऱ्यांना सोडून बसवणाऱ्यांचे ऐकू लागतो, तेव्हा त्याचा विजयसुद्धा पाठवणाऱ्यांचा पराभव ठरू शकतो. १९३२ च्या पुणे कराराचा इतिहास जाणणाऱ्या वाचकाला याचे अधिक स्पष्टीकरण द्यायला नको.

आता हार्वर्डकडे वळू. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. अमेरिकेची शहरे पेटली. हार्वर्डच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विचारले की शतकाहून अधिक काळ चाललेल्या या लॉ स्कूलमध्ये आमचा एकही कायम प्राध्यापक का नाही? हा दबाव वाढत गेला आणि १९६९ मध्ये बेल यांना अध्यापनासाठी बोलावण्यात आले. १९७१ मध्ये ते कायम झाले. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हार्वर्डच्या प्राध्यापकांच्या मोजमापात बेल बसत नव्हते. नामांकित लॉ स्कूलची पदवी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींकडील उमेदवारी ही तेथील नेहमीची पात्रता. बेल यांच्याकडे यापैकी काहीच नव्हते. त्यांच्याकडे होते ते मिसिसिपीच्या न्यायालयातले तीनशे खटले. समितीच्या नजरेत त्याला गुणवत्तेचे मोल मिळाले ते विद्यार्थी रस्त्यावर उतरल्यानंतर. आपण एकटे शोभेपुरते राहणार असू तर येथे थांबणार नाही, हेही बेल यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले होते.

त्यांनी वंश आणि कायदा हा विषय शिकवायला घेतला, तेव्हा त्यासाठी नीट पाठ्यपुस्तकही नव्हते. १९७३ मध्ये त्यांनी ते स्वतः तयार केले. १९८० मध्ये हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये त्यांचा गाजलेला सिद्धांत प्रसिद्ध झाला. गोऱ्यांच्या हिताशी जुळते तेव्हाच कृष्णवर्णीयांना न्याय मिळतो, असे त्याचे सार. ब्राउन निकाल केवळ न्यायमूर्तींच्या सद्भावनेतून आला नाही. शीतयुद्धात जगापुढे अमेरिकेची अब्रू राखण्याची सत्ताधाऱ्यांना गरज होती, असे त्यांनी दाखवले. पुढे क्रिटिकल रेस थिअरी या नावाने जी विचारधारा उभी राहिली तिचा पाया येथे आहे.

त्यानंतर लवकरच बेल ओरेगॉन विद्यापीठाच्या लॉ स्कूलचे डीन होऊन गेले. मागे हार्वर्डमध्ये त्यांचा विषय शिकवायला कोणी उरले नाही. विद्यार्थ्यांनी मागणी केली की या विषयासाठी अल्पसंख्याक समाजातील प्राध्यापक कायम नेमावा. योग्य उमेदवार फार थोडे आहेत, असे उत्तर आले. मग १९८३ च्या जानेवारीत प्रशासनाने तीन आठवड्यांचा एक छोटा अभ्यासक्रम ठेवला आणि जॅक ग्रीनबर्ग व ज्युलियस चेंबर्स या दोन नामवंत नागरी हक्क वकिलांना बोलावले. ग्रीनबर्ग हे गोरे, मार्शल यांच्यानंतर त्या निधी संस्थेचे प्रमुख झालेले आणि कधीकाळी बेल यांचे वरिष्ठ, चेंबर्स कृष्णवर्णीय. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमावर बहिष्कार टाकला. त्यावर मोठा गदारोळ झाला. आयुष्यभर कृष्णवर्णीयांसाठी लढलेल्या माणसावर त्याच्या रंगामुळे बहिष्कार कसा, असा प्रश्न चळवळीतल्या ज्येष्ठांनीही केला. या प्रश्नात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. पण विद्यार्थ्यांचा मूळ मुद्दा व्यक्तीचा नव्हता. तीन आठवड्यांचे पाहुणे देऊन कायम जागेची मागणी टाळली जात होती, आणि ही चाल त्यांनी ओळखली होती.

ते बहिष्कारावर थांबले नाहीत. त्यांनी स्वतःच पर्यायी अभ्यासक्रम उभा केला. देशभरातील कृष्णवर्णीय, आशियाई व लॅटिनो प्राध्यापकांना एकेका व्याख्यानासाठी बोलावले आणि बेल यांचे पुस्तक समोर ठेवून शिकणे सुरू केले. योग्य उमेदवार नाहीत म्हणणाऱ्यांपुढे त्यांनी उमेदवारच आणून उभे केले. या आयोजकांत किंबर्ले क्रेनशॉ ही विद्यार्थिनी होती. वर्ण आणि लिंग यांचा दुहेरी जाच कायदा कसा पाहूच शकत नाही, हे पुढे १९८९ मध्ये तिनेच जगाला समजावून सांगितले. म्हणजे ज्यांना निवड समितीत जागा नव्हती, त्या विद्यार्थ्यांनी बाहेर राहून समितीपेक्षा चांगली निवड करून दाखवली.

इकडे ओरेगॉनमध्ये बेल आता स्वतः सत्तेच्या खुर्चीत होते. बहुसंख्य गोऱ्यांच्या लॉ स्कूलचे डीनपद कृष्णवर्णीयाला मिळणे त्या काळात दुर्मीळ होते. १९८५ मध्ये एका जागेसाठी उमेदवारांची क्रमवारी लागली. वरच्या दोघांनी नकार दिला. तिसऱ्या क्रमांकावर आशियाई वंशाची एक अमेरिकन महिला होती. नियमाने जागा तिला मिळायला हवी होती, पण प्राध्यापकांनी तिला देऊ करण्यास नकार देऊन शोध पुन्हा सुरू करण्याचे ठरवले. बेल यांनी डीनपदाचा राजीनामा दिला. ती महिला त्यांच्या जातीची नव्हती, त्यांच्या वर्णाची नव्हती, नात्याची तर नव्हतीच. यादी दलित-पीडिताच्या नावापाशी आली की नियम बदलतो, हा अनुभव मात्र त्यांच्या ओळखीचा होता.

त्यानंतर ते स्टॅनफर्डला पाहुणे प्राध्यापक म्हणून गेले. तेथे संविधानाचा विषय शिकवताना गुलामगिरी आणि वंश यांवर त्यांनी भर दिला, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी कुरकुर केली. त्यांना काहीही न कळवता, त्याच विषयावर इतर प्राध्यापकांची पूरक व्याख्याने ठेवण्यात आली. हा अपमान उघड केला तो कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेने. व्याख्याने रद्द झाली आणि डीनना माफी मागावी लागली. विद्यार्थ्यांचा आवाज दोन्ही बाजूंनी वापरला जातो, हे यातून शिकण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांचे मत म्हणजे आपोआप न्यायाचे मत नव्हे. कोणते विद्यार्थी, कोणाच्या बाजूने आणि कशासाठी बोलत आहेत, हे प्रत्येक वेळी पाहावेच लागते.

१९८६ मध्ये बेल हार्वर्डला परतले. व्यवस्थेवर टीकात्मक लेखन करणाऱ्या दोन गोऱ्या सहकाऱ्यांना कायम करण्यास नकार मिळाला, तेव्हा १९८७ मध्ये त्यांनी आपल्याच कार्यालयात अनेक दिवस ठिय्या दिला. नंतर आला १९९० चा मोठा संघर्ष. त्या वेळी हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये ६० कायम प्राध्यापक होते. त्यांपैकी कृष्णवर्णीय फक्त ३ आणि स्त्रिया फक्त ५. कृष्णवर्णीय स्त्री एकही नव्हती, आणि संस्थेच्या इतिहासात कधी नेमलीही गेली नव्हती. त्या वर्षी रेजिना ऑस्टिन या कृष्णवर्णीय विदुषी पाहुण्या प्राध्यापक म्हणून शिकवत होत्या. त्यांना कायम करा, अशी विद्यार्थ्यांची मागणी होती. पाहुणे प्राध्यापक येथे असेपर्यंत त्यांच्या नेमणुकीचा विचार करता येत नाही, असा नियम प्रशासनाने पुढे केला. विद्यार्थ्यांनी डीनच्या कार्यालयात रात्रभर ठिय्या दिला.

तेव्हा बेल यांनी जाहीर केले की कृष्णवर्णीय स्त्रीची कायम नेमणूक होईपर्यंत आपण बिनपगारी रजेवर जात आहोत. वय साठीला आलेले, पत्नी ज्युवेल कर्करोगाने आजारी, आणि अशा वेळी जगातील सर्वांत प्रतिष्ठित नोकरीचा पगार त्यांनी सोडला. त्याच वर्षी ज्युवेल यांचे निधन झाले. बेल यांना पाठिंबा देण्यासाठी झालेल्या सभेत हार्वर्ड लॉ रिव्ह्यूचा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष झालेल्या एका विद्यार्थ्याने भाषण केले. त्याचे नाव बराक ओबामा.

बेल यांच्या या निर्णयावर टीकाही झाली. गुणवत्तेऐवजी ते राखीव जागा मागत आहेत, असे विरोधक म्हणाले. आत राहून अधिक काम करता आले असते, असे हितचिंतक म्हणाले. रँडल केनेडी या कृष्णवर्णीय सहकाऱ्याने तर १९८९ मध्येच लेख लिहून, वंशामुळे विद्वत्तेला विशेष अधिकार प्राप्त होतो काय, असा प्रश्न केला होता. बेल यांचे उत्तर असे की गुणवत्तेची व्याख्या ज्यांनी केली ते सर्व एकाच साच्यातले आहेत, आणि ते आपल्यासारख्यालाच गुणवान समजतात. शिवाय कृष्णवर्णीय विद्यार्थिनीसमोर तिच्यासारखी एकही प्राध्यापिका नसेल, तर आपण पुरुष असून तिचा आदर्श होऊ शकत नाही, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले. स्वतःची मर्यादा ओळखून दुसऱ्यासाठी जागा मागणारा पुढारी विरळा असतो.

आता विद्यार्थ्यांनी काय केले ते पाहा. विविध विद्यार्थी संघटनांच्या आघाडीने १९९० मध्ये हार्वर्डविरुद्ध मॅसॅच्युसेट्स राज्याच्या न्यायालयात दावा दाखल केला. प्राध्यापक निवडीत भेदभाव होतो आणि त्यामुळे आमच्या शिक्षणाचे नुकसान होते, असे त्यांचे म्हणणे होते. वकील दुसरा कोणी दिला नाही. विद्यार्थ्यांनी स्वतःच युक्तिवाद केला, थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत. १९९२ मध्ये अंतिम निकाल लागला आणि दावा फेटाळला गेला. नोकरीतील भेदभावाची दाद नोकरी मागणारा मागू शकतो. विद्यार्थ्यांना असा दावा करण्याचा अधिकारच नाही, असे न्यायालय म्हणाले. भेदभाव झाला की नाही, या प्रश्नापर्यंत न्यायालय गेलेच नाही.

वकील म्हणून हा निकाल वाचताना त्यातला अर्थ स्पष्ट दिसतो. शिक्षक निवडीत विद्यार्थ्याला न्यायालयाच्या दारी उभे राहता येत नसेल, तर त्याला उरतात दोनच ठिकाणे. एक रस्ता आणि दुसरी समितीतील खुर्ची. म्हणूनच त्या एका खुर्चीसाठी होणारी निवडणूक पोरखेळ समजून सोडून देता येत नाही. आत बसलेल्या विद्यार्थ्याला उमेदवारांची यादी दिसते, कोणते नाव कोणत्या शब्दांत कापले गेले ते ऐकू येते, आणि पाठवणाऱ्यांना निदान एवढे सांगता येते की योग्य उमेदवार नव्हता हे विधान खरे की खोटे.

हार्वर्डच्या नियमाप्रमाणे रजा दोन वर्षांपलीकडे देता येत नव्हती. बेल यांनी मुदत वाढवून मागितली, ती नाकारण्यात आली. १९९२ मध्ये त्यांची कायम जागा गेली. त्याच वर्षी विहिरीच्या तळाशी असलेल्या चेहऱ्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले. त्यात वर्णद्वेष अमेरिकेत कायमचा आहे, तरीही लढणे हेच माणूसपण आहे, असा विचार त्यांनी कथांच्या रूपाने मांडला. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लॉ स्कूलने त्यांना पाहुणे प्राध्यापक म्हणून घेतले. ५ ऑक्टोबर २०११ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी निधन होईपर्यंत ते तेथे पाहुणेच राहिले. हार्वर्डने पहिली कृष्णवर्णीय स्त्री कायम प्राध्यापक म्हणून नेमली ती १९९८ मध्ये. लॅनी गिनिअर हे तिचे नाव. बेल यांना बाहेर पडून तेव्हा सहा वर्षे झाली होती. दार उघडले, पण ज्याने ते ठोठावले तो आत परत आला नाही.

हा लढा जुना झाला असे कोणी समजू नये. २०२० नंतर अमेरिकेच्या अनेक राज्यांत बेल यांच्या विचारधारेविरुद्ध कायदे झाले. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. २०२४ मध्ये हार्वर्ड लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी उरले फक्त १९. विद्यार्थीच कमी झाले, तर उद्या शिक्षकाची मागणी कोण करणार?

आपल्याकडे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत शिक्षक निवड समितीची रचना सांगितली आहे. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग प्रवर्गातील उमेदवार असेल आणि समितीत त्या प्रवर्गातील कोणी नसेल, तर त्या प्रवर्गातील एक शिक्षणतज्ज्ञ घ्यावा अशी तरतूद त्यात केली गेली. विद्यार्थ्याला त्या रचनेत जागा नाही. आणि त्या एका शिक्षणतज्ज्ञाला नेमतो कोण? कुलगुरू. समाजाच्या नावाने बसणारा, पण समाजाने न पाठवलेला. मुलाखतीनंतर योग्य उमेदवार आढळला नाही असा शेरा मारून राखीव जागा रिकामी ठेवली जाते, तेव्हा त्या कागदावर याही सदस्याची सही असते. ही सही त्याने कोणाचा प्रतिनिधी म्हणून केली?

बेल यांचे जीवन हाच प्रश्न प्रत्येक प्रतिनिधीला विचारते, मग तो विद्यार्थी परिषदेचा असो, निवड समितीचा असो की विधानसभेचा. लॉ कॉलेजात शिकणारी आपली मुले-मुली अशा जागांसाठी उभी राहत असतील तर त्यांना जरूर मते द्या. पण मत देण्यापूर्वी त्यांच्याकडून एवढे कबूल करून घ्या की आत काय घडले ते बाहेर येऊन सांगतील, जिथे गुप्ततेचा नियम असेल तिथे किमान आपले मत कोणत्या बाजूला पडले आणि का, ते सांगतील, आणि आपल्यापेक्षाही खाली दाबलेल्याची जागा नाकारली गेली तर आपलीच जागा गेली असे समजतील. बेल यांनी ओरेगॉनमध्ये डीनपद सोडले ते एका आशियाई स्त्रीसाठी, आणि हार्वर्ड सोडले ते एका अशा कृष्णवर्णीय स्त्रीसाठी, जिचे नाव तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते. प्रतिनिधी निवडताना मोजमाप घ्यायचे तर हे घ्यावे.